कुलूप्याचा डावा हात

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलंत तर म्हणाल, कुणीतरी मोडक्या कपाटाला आडवं पाडून चार पाय लावले आहेत आणि वर काच बसवली आहे. तुमचं फारसं चुकणार नाही. मी एक जुनी दिव्याची पेटी आहे. माझं लाकूड खरोखरच एका कपाटाचं आहे आणि माझी दुधी काच एका औषधांच्या दुकानातून आली आहे. सुताराने मला जोडलं, वायरमनने माझ्या पोटात ट्यूब बसवली आणि बटण दाबलं. मी दोन-तीनदा डोळे मिचकावले आणि मग लख्ख उजळले. एकदम पेटणं माझ्या स्वभावातच नाही. मी आधी जरा विचार करते आणि मग उजेड पाडते.

माझं काम सोपं आहे, पण महत्त्वाचं आहे. चित्रकथा काढणारा चित्रकार आधी पातळ कागदावर पेन्सिलने कच्चं चित्र काढतो. त्यात भरपूर खाडाखोड असते. तो कागद माझ्या काचेवर ठेवायचा, त्यावर जाड पांढरा कागद ठेवायचा आणि बटण दाबायचं. खालून उजेड आला की कच्चं चित्र वरच्या कागदावर दिसायला लागतं. मग त्यावरून शाईची पक्की रेघ ओढायची. खाडाखोड खालीच राहते आणि जगाला दिसते ती फक्त स्वच्छ रेघ. मी मात्र दोन्ही पाहते, आणि तेही खालून. माणसांच्या मला हनुवट्या आणि नाकपुड्याच जास्त दिसतात. चित्रकार खूश आहे की वैतागला आहे, हे मला त्याच्या हनुवटीवरून कळतं.

माझ्या चित्रकाराला सगळे मामा म्हणायचे. त्याची भाची त्याला मामा म्हणायची, तिचं ऐकून शेजारी म्हणायला लागले, आणि शेवटी दूध टाकणाराही म्हणायला लागला. मामा एका मुलांच्या साप्ताहिकासाठी चित्रकथा काढायचा. तिची नायिका होती भरारी, गच्च्यांवरून उड्या मारत फिरणारी धीट मुलगी. आणि नायिका म्हटली की खलनायक हवाच. तो होता कुलूप्या.

कुलूप्या उंच, काडीसारखा बारीक, मिशा टोकदार. त्याच्या लांब कोटाला बटणांऐवजी कुलपं होती. दिसेल त्याला कुलूप लावायचं, हा त्याचा धंदा. त्याने मैदानाच्या फाटकाला कुलूप लावलं, बागेतल्या झोपाळ्यांना लावलं, शाळा सुटायच्या घंटेलाही लावलं. एकदा तर त्याने समुद्राला कुलूप लावायचा घाट घातला होता. मुलं त्याच्यावर चिडायची आणि दर आठवड्याला त्याचीच वाट बघायची.

पण मित्रांनो, मी तुम्हाला आज ज्याची गोष्ट सांगणार आहे, तो कुलूप्याचा डावा हात. किल्ल्यांचा जुडगा तो डाव्या हातात धरायचा, कुलूप डाव्या हाताने लावायचा आणि धमकीची चिठ्ठीही डाव्या हाताने लिहायचा. हा हात कुठून आला, हे मला माहीत आहे, कारण तो माझ्याच अंगावर जन्मला.

कुलूप्या पहिल्यांदा छापून येणार होता, त्या दिवशीची गोष्ट. छापखान्याचा माणूस दारात उभा होता आणि दर घटकाभराने "झालं का?" असं विचारत होता. मामाची तारांबळ उडाली होती. त्याने कच्चा कागद घाईघाईने माझ्यावर ठेवला, तो पालथा. पातळ कागद सुलटा ठेवा की पालथा, उजेडात रेघा तेवढ्याच स्पष्ट दिसतात. पालथ्या कागदावर अक्षरं असती तर ती उलटी दिसून घोटाळा लगेच कळला असता, पण आमच्याकडे संवाद मागाहून चिकटवायची पद्धत होती. त्या पानावर नेहमीची भरारीही नव्हती, नाहीतर ती उलटी झालेली मामाने ओळखली असती; एकटा नवा कुलूप्या होता. मामाने झरझर शाई ओढली, फुंकर मारली आणि पान त्या माणसाच्या हाती दिलं. पेन्सिलीतला उजवा कुलूप्या शाईत डावखुरा होऊन जिना उतरला. मी ट्यूब फडफडवून पाहिली, पण मामाला वाटलं, माझा स्टार्टर गेला.

अंक छापून आला तेव्हा मामाच्या लक्षात आलं. त्याने कपाळावर हात मारला. आता पुढच्या आठवड्यात हात बदलायचा तर वाचक विचारणार, म्हणून त्याने तो तसाच ठेवला. आणि गंमत बघा, लोकांना तो भलताच आवडला. एका समारंभात कुणी विद्वान गृहस्थ म्हणाले, खलनायकाला डावखुरा दाखवण्यात चित्रकाराची केवढी खोल दृष्टी आहे! टाळ्या झाल्या. मामा घरी आला, माझ्यावर कोपरं टेकून बसला आणि मामीला म्हणाला, "अगं, माझी खोल दृष्टी म्हणे!" मामी हसून हसून खाली बसल्या. दोघांनी ते गुपित आपसात ठेवलं. त्यात कुणाचं काही बिघडतंय, असं त्यांना तेव्हा वाटलं नव्हतं.

बिघडत होतं ते भाचीचं. तिला मामा खारू म्हणायचा, कारण ती खारीसारखी एका जागी ठरायची नाही. खारू डावखुरी होती. शाळेत खेळताना सगळ्या मुलींना भरारी व्हायचं असायचं. खारूलाही व्हायचं होतं. पण तिने पेन्सिल हातात घेतली की वर्ग ओरडायचा, "कुलूप्या! कुलूप्या आला!" कुणी आपली पाटी-दप्तरं लपवायचं सोंग करायचं. बाई गप्प करायच्या आणि मग स्वतःच म्हणायच्या, "तू उजव्या हाताने लिहून का नाही बघत?"

एके दिवशी ती शाळेतून तडक मामाकडे आली. मला तिची हनुवटी दिसली, ती थरथरत होती.

"मामा, त्याला उजवा कर."

"कुणाला गं?"

"कुलूप्याला. आत्ताच्या आत्ता कर."

मामाने तिला जवळ घेतलं, खाऊ दिला, समजूत काढली. खरं सांगायला त्याची जीभ रेटली नाही. एवढी टाळ्या मिळालेली गोष्ट चूक होती, हे एका लहान मुलीला कसं सांगायचं, असं त्याला वाटलं असावं. मला त्याचा त्या दिवशी राग आला होता. अजूनही थोडा आहे.

दिवस गेले. साप्ताहिक बंद पडलं. चित्रं संगणकावर निघायला लागली आणि माझं काम संपलं. माझ्यावर आधी वर्तमानपत्रांचे गठ्ठे आले, मग इस्त्रीचे कपडे, मग एक निवडुंगाची कुंडी. चहाचे कप तर सर्रास. माझ्या काचेवर कपाच्या बुडाची वर्तुळं उमटली, ती एकात एक अशी वाढत गेली. मामी येता-जाता म्हणायच्या, "ह्या पेटीला तरी भंगारात द्या, नाहीतर मला तरी." मामा म्हणायचा, "तुला कोण घेणार?" मला माहीत होतं, मामी मला देणार नाहीत. निवडुंगाला पाणी घालताना त्या माझं लाकूड भिजू नये म्हणून खाली फडकं धरायच्या.

मग मामाला मोठं आजारपण आलं. तो बरा झाला, चालायला लागला, बोलायलाही लागला, पण त्याचा उजवा हात काही परत आला नाही. तो मांडीवर नुसता पडून असायचा. बोटांना पेन्सिल दिली तर ती घरंगळून जायची. मामा माझ्याकडे पाहीनासा झाला. खोलीत आला तरी खिडकीकडे तोंड करून बसायचा. मित्रांनो, कुंडी ठेवली त्याचं मला दुःख नव्हतं, याचं झालं.

अशात एका सकाळी खारू आली. आता ती मोठी झाली होती, स्वतः नावाजलेली चित्रकार होती. तिने दारातूनच सांगितलं, "मामा, एक प्रकाशन संस्था आपल्या कुलूप्याला परत आणतेय! त्याचं अख्खं पुस्तक! तो मुळात दुष्ट का झाला, ह्याची गोष्ट. आणि चित्रं मी काढायची आहेत."

मामाची हनुवटी कितीतरी दिवसांनी वर उचलली गेली. "अरे वा," तो म्हणाला. "मग तोंड का पाडलंयस?"

खारूने संपादकबाईंची कल्पना सांगितली. छोटा कुलूप्या डावखुरा जन्मतो, सगळे त्याला हिणवतात, त्याचा हात बांधून ठेवतात, आणि मग तो सूड म्हणून दुष्ट होतो. बाई म्हणाल्या होत्या, वाचकांना कळवळा येईल.

"कळवळा येईल, मान्य," खारू म्हणाली. "पण वाचून वर्गातली मुलं काय म्हणतील? डावखुऱ्यापासून जपून राहा, हा पुढे कुलूप्या होणार! मी ते सगळं भोगलंय, मामा. मी ते काढणार नाही. आणि मी नाही काढलं तर दुसरं कुणीतरी काढेल."

मामी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी घडी अर्धी ठेवली आणि मामाकडे असं काही पाहिलं की मामाला बोलावंच लागलं.

"खारू, ती कुंडी उचल," तो म्हणाला. "पेटी पूस. आणि माळ्यावरून कुलूप्याच्या पहिल्या अंकाची चित्रं काढ."

माझी काच पुसली गेली, मित्रांनो! ओल्या फडक्याने, मग कोरड्या फडक्याने. वर्तुळं पूर्ण गेली नाहीत, पण बटण दाबल्यावर मी पेटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ मिचमिच केली, कारण मला खरंच भरून आलं होतं. मामाने खारूला शाईचं पान आणि त्याचा कच्चा कागद एकावर एक ठेवायला सांगितलं. रेघा जुळेनात. "आता खालचा कागद पालथा कर," तो म्हणाला. तिने केला, आणि मिशीवर मिशी, कोटावर कोट, हातावर हात बरोब्बर बसला.

खारूने कागद पुन्हा उलटसुलट करून पाहिला. "म्हणजे... तो डावखुरा नव्हताच?"

"नव्हता. मी घाईत कागद पालथा ठेवला. आणि मग गप्प बसलो. तू रडत आली होतीस तेव्हासुद्धा गप्प बसलो. चुकलं माझं, बाळा."

मला वाटलं, आता ती भडकणार. तिची हनुवटी तशीच थरथरायला लागली होती. पण थोड्या वेळाने तिला हसू फुटलं, रडता रडताच फुटलं. "मी त्या हातासाठी मैत्रिणीशी मारामारी केली होती," ती म्हणाली. "दात पडला होता माझा!"

"कर त्याला उजवा," मामा म्हणाला. "आता तुझ्या हातात आहे."

तिने कोरा कागद घेतला, पेन्सिल टेकवली आणि थांबली. सगळं माझ्यावरच चाललं होतं, त्यामुळे ती किती वेळ थांबली, ते मला चांगलं आठवतं. चहा निवून गेला. शेवटी तिने मान हलवली.

"नको. आता उजवा केला तर डावा हात वाईटच होता, असं होईल. राहू दे डावा. पण मामा, हाताचं सोड, मला एक सांग. तो कुलपं का लावतो?"

मामा गडबडला. "का म्हणजे? मला कुलपं रंगवायला मजा यायची."

यावर मामी उसळल्या. "दोघंही चित्रकार म्हणवता! कुलूप का लावतात म्हणून काय विचारता? हे आजारातून उठले आणि एकदा न सांगता बाहेर गेले. जिन्यात पडले. तेव्हापासून दुपारी डोळा लागायच्या आधी मी दाराला आतून कुलूप घालते. मी काय दुष्ट आहे?"

"ही बघ खरी कुलूप्या," मामा पुटपुटला.

"असू दे," मामी म्हणाल्या आणि त्यांनी राहिलेली घडी जोरात दाबली. "एकदा पडलात तेवढं पुरे झालं मला."

खारू मामींकडे टक लावून बघत होती. मग ती खाली वाकली आणि तिचा डावा हात कागदावर धावायला लागला.

त्या दुपारी कुलूप्याची खरी गोष्ट जन्माला आली. एक लहान मुलगा आहे. एका सकाळी तो उठतो तेव्हा दार सताड उघडं असतं आणि आई घरात नसते. ती का गेली, ते त्याला कुणी सांगत नाही. तो आपल्या छोट्या डोक्याने हिशोब मांडतो, की दार उघडं राहिलं म्हणून आई गेली. कुलूप असतं तर ती राहिली असती. मग तो मांजराच्या टोपलीला कुलूप लावतो, बाबांच्या बुटांच्या कपाटाला लावतो. मोठा होतो तशी कुलपंही मोठी होतात. त्याला वाटतं, तो सगळं सांभाळतोय.

आणि डावा हात? तो मुलगा डाव्या हाताने दात घासतो, बुटाची नाडी बांधतो, दगड भिरकावतो, बस. त्याच गल्लीतला पाववाला डावखुरा आहे, शाळेतली गणिताची बाई डावखुरी आहे, चौकातला पोलीस डाव्या हाताने गाड्या थांबवतो. खारू ही माणसं आधी सवयीने उजवी काढायची आणि मग कागद माझ्यावर मुद्दाम पालथा ठेवायची. प्रत्येक वेळी मामाकडे बघून डोळे मिचकवायची. मीही मिचकवायचे.

संपादकबाई पानं बघायला आल्या तेव्हा जरा हिरमुसल्या. "डाव्या हाताचं काहीच नाही?" त्या म्हणाल्या.

"आहे की," खारू म्हणाली. "जागोजागी आहे."

बाईंनी पानं पुन्हा पहिल्यापासून चाळली. दार उघडं असलेल्या पानावर त्या बराच वेळ थांबल्या, आणि मग त्यांनी चष्मा पुसला. मला त्यांची हनुवटी दिसत होती, म्हणून मी तेव्हाच निश्चिंत झाले.

एक चित्र मात्र खारूला काही केल्या साधेना. आई गेल्यावर तो मुलगा कोळशाने दारावर आईचं चित्र काढतो, ती निदान दारावर तरी राहावी म्हणून. खारूने ते चित्र पुन्हा पुन्हा काढलं आणि पुन्हा पुन्हा फाडलं. माझ्या पायाशी बोळ्यांचा ढीग झाला. "हे लहान मुलाने काढलेलं वाटतच नाही," ती वैतागून म्हणाली. "माझा हात फार शिकलाय."

मग तिने मान वळवून खिडकीशी बसलेल्या मामाकडे पाहिलं. ती उठली, त्याची खुर्ची ओढत माझ्यापाशी आणली आणि कोळशाची कांडी त्याच्या डाव्या हातात ठेवली.

"हे काय?" मामा म्हणाला.

"काढ."

"डाव्याने? ह्या वयात? वेड लागलंय का तुला?"

"मला लहानपणी सगळे म्हणायचे, उजव्याने काढून बघ, उजव्याने काढून बघ. आता माझी पाळी. डाव्याने काढून बघ."

मामा कांडीकडे बघत राहिला. त्याने ती खाली ठेवली, पुन्हा उचलली. आजारपणानंतर त्याने एकही रेघ ओढलेली नव्हती. मामी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी पदर तोंडाशी धरला. मी माझा चोकसुद्धा गुणगुणू नये म्हणून जीव मुठीत धरून बसले होते.

कांडी टेकली. रेघ निघाली ती कापत कापत, वाट चुकत. चेहऱ्याचं वर्तुळ काही केल्या मिटेना. एक डोळा वर गेला, एक खाली आला. हात इतके लांब झाले की जमिनीला टेकले. मामाच्या कपाळावर घाम आला होता आणि जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आली होती. मी त्याला कितीतरी वर्षं खालून पाहत आले आहे, पण असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. जणू तो आयुष्यात पहिल्यांदाच चित्र काढत होता.

"ही मी का?" मामींनी विचारलं.

"नाक तुझंच आलंय," मामा म्हणाला.

ते चित्र जसंच्या तसं पुस्तकात गेलं. खारूने त्यातली एक रेघही सरळ केली नाही. शेवटच्या प्रसंगात भरारी त्या जुन्या दारापाशी पोहोचते, ते चित्र बघते आणि कुलूप्याशी न भांडता पायरीवर बसून राहते. संध्याकाळ होते. मग कुलूप्या आपल्या हाताने पहिलं कुलूप काढतो.

पुस्तक निघाल्यावर संपादकबाईंचा फोन आला. खारूने तो मामाला ऐकू जाईल असा ठेवला. बाई म्हणत होत्या, "ते दारावरचं चित्र सगळ्यांना फार आवडलंय हो! कुणी काढलंय? लहान मुलगा आहे का कुणी?"

मामा फोनकडे वाकला. "आहे एक," तो म्हणाला. "आत्ताच शिकायला लागलाय."

आता रोज सकाळी मामा माझं बटण दाबतो, डाव्या हाताने. कधी मांजर निघतं, कधी निवडुंग, कधी मामींचं नाक. माझी ट्यूब जुनी झाली आहे, ती कधीतरी जाईल, आणि खारूने सांगून ठेवलंय की नवी बसवू.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं काहीतरी कोपऱ्यात पडलेलं असेल. त्यावर चहाचे कप ठेवू नका, अधूनमधून फडका मारा, बटण दाबून बघा. आणि घरातलं एखादं माणूस हात मांडीवर टाकून खिडकीकडे बघत बसलं असेल, तर त्याच्यापुढे एक कोरा कागद ठेवा. पेन्सिल कुठल्या हातात धरायची, ते त्याचं त्याला ठरवू द्या.